फराक्क्याच्या वरचे पाणी मोजणार कोण?

भारत आणि बांगलादेश यांच्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी नवी दिल्लीत झालेल्या गंगा पाणीवाटप कराराला एक तक्ता जोडलेला आहे. १ जानेवारी ते ३१ मे या पाच महिन्यांचे दहा-दहा दिवसांचे पंधरा टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यात पश्चिम बंगालमधल्या फराक्क्याला, म्हणजे गंगेवर बांधलेल्या दरवाजांच्या बंधाऱ्यापाशी (बराज), सरासरी किती पाणी येते आणि त्यातले कोणाला किती मिळेल, हे त्यात मांडले आहे. सर्वांत लहान नोंद २१ ते ३० एप्रिलची आहे. या दहा दिवसांत येणारे पाणी ६०,९९२ क्युसेक असून त्यातले ३५,००० बांगलादेशाला आणि उरलेले २५,९९२ भारताला जाते. ही सरासरी १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेली आहे, म्हणजे करारावर सह्या झाल्या त्या दिवशीच ती आठ वर्षे जुनी होती. दोन्ही देशांचे तेव्हाचे पंतप्रधान एच. डी. देवेगौडा आणि शेख हसीना यांनी सह्या केलेल्या या कराराची मुदत तीस वर्षांची असल्याने ती डिसेंबर २०२६ मध्ये संपते. पुढे काय, या प्रश्नावर दोन्ही देशांत जी चर्चा चालते ती बहुतेक ३५,००० या आकड्याभोवतीच फिरते. ढाक्यात तो वाढवून मागणारे आहेत, तर कोलकात्यात तो कमी करून मागणारे. माझ्या मते हा आकडा दुय्यम आहे. फराक्क्यापर्यंत पाणी पोचण्याआधी वर काय होते याची मोजदाद नव्या करारात येणार की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि ती यावी यात बांगलादेशाइतकेच भारताचेही हित आहे.

फराक्का बराज कशासाठी बांधला गेला हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही. तो सिंचनाचा प्रकल्प नाही. हुगळी नदीत गाळ साचून कोलकाता बंदर निकामी होत चालले होते. गंगेचे ४०,००० क्युसेक पाणी सुमारे ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्याने भागीरथी-हुगळीत वळवले की गाळ समुद्राकडे ढकलला जाईल, असा हिशेब होता. पश्चिम बंगालमधले अभियंते कपिल भट्टाचार्य यांनी बराज पूर्ण होण्याच्या कितीतरी आधीच सांगितले होते की एवढ्याने गाळ हटणार नाही आणि बराजाच्या वरच्या अंगाला मात्र नवा गाळ साचून पुराचे संकट वाढेल. त्यांना पाकिस्तानचा हस्तक म्हणण्यापर्यंत तेव्हा मजल गेली. पुढे हल्दिया आणि कोलकाता या दोन्ही ठिकाणी गाळ उपसण्याचे काम सुरूच राहिले, मालदा आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत नदीने काठची गावे गिळली, आणि २०१६ च्या पुरानंतर बिहारचे मुख्यमंत्री नितीश कुमार यांनी फराक्का बराज काढून टाकण्याची मागणी केली. ती मागणी मान्य होण्यासारखी नाही, पण एका भारतीय राज्याचा मुख्यमंत्री ती करतो, एवढ्यावरूनही हा तंटा केवळ भारत विरुद्ध बांगलादेश असा उरलेला नाही हे दिसते.

बराज २१ एप्रिल १९७५ रोजी चाचणी म्हणून सुरू झाला. ४१ दिवस ११,००० ते १६,००० क्युसेक पाणी वळवून पाहायचे, एवढ्यालाच बांगलादेशाची संमती होती. ती मुदत संपली, शेख मुजीब यांची हत्या झाली, आणि १९७६ च्या उन्हाळ्यात भारत कोणत्याही कराराविना पाणी वळवत राहिला. त्या मे महिन्यात तिथले ज्येष्ठ नेते मौलाना भाशानी यांनी फराक्क्याच्या दिशेने काढलेला मोर्चा बांगलादेशात अजून दरवर्षी आठवला जातो. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपर्यंत गेले. मोरारजी देसाई यांचे सरकार आल्यावर नोव्हेंबर १९७७ मध्ये पाच वर्षांचा करार झाला. प्रवाह फारच घटला तरी बांगलादेशाला ठरलेल्या वाट्याच्या किमान ८० टक्के पाणी मिळेल, अशी हमी त्यात होती. १९८२ आणि १९८५ च्या समझोत्यांत ती हमी गेली, १९८८ नंतर आठ वर्षे तर कोणताच कागद अस्तित्वात नव्हता. १९९६ च्या कराराचे मोठेपण या पार्श्वभूमीवर मान्य केले पाहिजे. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी त्यासाठी कोलकात्यात आणि ढाक्यात घेतलेले कष्ट आणि ज्यांच्या स्वतःच्या राज्यात कावेरीचा वाद धुमसत होता अशा पंतप्रधानाने दाखवलेली तयारी, हे दोन्ही आज दुर्मीळ वाटते.

तरीही कराराच्या रचनेतला दोष उघड आहे. त्याचे सूत्र असे: फराक्क्याला ७०,००० क्युसेक किंवा त्याहून कमी पाणी आले तर निम्मे-निम्मे, ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेले भारताला, ७५,००० च्या वर गेले तर भारताला ४०,००० आणि उरलेले बांगलादेशाला. शिवाय ११ मार्च ते १० मे या सर्वांत कोरड्या काळात दोन्ही देशांना आळीपाळीने दहा-दहा दिवस ३५,००० क्युसेकची खात्री. प्रवाह ५०,००० च्याही खाली गेला तर दोन्ही सरकारांनी तातडीने सल्लामसलत करायची, एवढेच करार सांगतो. सल्लामसलतीतून काही निघाले नाही तर काय, याचे उत्तर त्यात नाही, आणि लवादाचीही तरतूद नाही. फराक्क्याच्या वर काय चालावे याबद्दल एकच वाक्य आहे: चाळीस वर्षांच्या सरासरीइतका प्रवाह फराक्क्याला राखण्यासाठी वरच्या देशाने सर्वतोपरी प्रयत्न करावेत. ते प्रयत्न कोण तपासणार, कशावरून तपासणार, हे कुठेही लिहिलेले नाही. दोन्ही देशांच्या अभियंत्यांची संयुक्त पथके दर वर्षी कोरड्या मोसमात फराक्क्याला आणि बांगलादेशात हार्डिंज पुलापाशी पाणी मोजतात, आणि ती चोख काम करतात. पण ती मोजतात ते शेवटी उरलेले पाणी.

मधल्या टप्प्यात काय घडते ते पाहा. हरिद्वारला १८५४ पासून वाहणारा वरचा गंगा कालवा, त्याखाली नरोऱ्याहून निघणारा १८७८ चा खालचा गंगा कालवा, शिवाय पुढच्या काळात झालेले कालवे आणि उपसा योजना, एवढे सगळे गंगा अलाहाबादला पोचण्याआधीच. त्याहून महत्त्वाचा आणि कमी दिसणारा भाग भूजलाचा. चैत्र-वैशाखात मैदानी नदीत जे पाणी वाहते त्यात हिमालयातल्या बर्फाच्या पाण्याबरोबर जमिनीतून पाझरून येणाऱ्या पाण्याचा वाटा मोठा असतो. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये विहिरी आणि कूपनलिकांनी ते जमिनीतच उपसले तर नदीवर एकही नवे धरण न बांधता एप्रिलमधला प्रवाह आटतो. यात कोणाचा कट नाही, शेतकरी आपले पीक वाचवत असतो. मात्र याचा परिणाम तक्त्यातल्या ६०,९९२ या आकड्यावर होतो आणि तक्त्याला त्याचा पत्ता नसतो. तिसरी गोष्ट नेपाळची. कोसी, गंडक, घाघरा या नेपाळातून येणाऱ्या नद्यांचे पाणी फराक्क्याच्या कोरड्या मोसमातल्या नैसर्गिक प्रवाहाचा सुमारे ७० टक्के भाग आहे असे मानले जाते. हा आकडा बरोबर धरला तर गंगेच्या उन्हाळी पाण्याबद्दल बोलताना नेपाळला खोलीबाहेर ठेवण्यात अर्थ राहत नाही. बांगलादेशाने नेपाळमध्ये साठवण धरणे बांधण्याचा प्रस्ताव फार पूर्वी मांडला होता. भारताला तिसरा पक्ष नको होता, आणि भारताने सुचवलेला ब्रह्मपुत्रेचे पाणी गंगेत आणणारा जोडकालवा बांगलादेशाला नको होता. तो विषय तिथेच अडकला.

पाटाच्या टेलवर जमीन असलेल्या शेतकऱ्याला ही स्थिती समजावून सांगावी लागणार नाही. त्याच्या पाळीला दारे उघडले जाते, वेळही पूर्ण मिळते, पण वर किती दारी उघडी होती आणि किती पंप पाटात सोडले होते याची नोंद कोणाकडेच नसते, आणि मग पाटकरी कितीही प्रामाणिक असला तरी संशय त्याच्यावरच जातो. बांगलादेशाच्या नैर्ऋत्य भागात नेमके हेच झाले आहे. कुष्टियाजवळ पद्मेतून (गंगेचे बांगलादेशातले नाव) फुटणारी गडाई नदी खुलन्याकडे आणि सुंदरबनाकडे गोडे पाणी नेते. कोरड्या मोसमात तिचे तोंड वाळूने बुजते, मग खुलन्याच्या बाजूला भरतीचे खारे पाणी आत शिरते, पिके आणि पिण्याचे पाणी दोन्ही बिघडते. गडाईचे तोंड उपसून मोकळे करण्यावर बांगलादेशाने बराच पैसा घातला आहे. या सगळ्याचे खापर तिथे सरसकट फराक्क्यावर फोडले जाते, आणि ते सगळे खरे नाही. किनाऱ्यावरचे बांध, कोळंबीची तळी, समुद्राची वाढती पातळी यांचाही त्यात हात आहे. पण कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे करून दाखवायचे तर वरच्या प्रवाहाच्या नोंदी लागतात. त्या भारताकडे आहेत, आणि गंगा खोऱ्याच्या प्रवाहाची आकडेवारी भारतात गोपनीय वर्गात ठेवलेली आहे. ढाक्याच्या संशोधकाची गोष्ट सोडा, पाटण्याच्या किंवा पुण्याच्या अभ्यासकालाही ती सहज मिळत नाही. आपली बाजू खरी असताना पुरावा कुलपात ठेवायचा आणि मग समोरचा अपप्रचार करतो म्हणून तक्रार करायची, हा प्रकार मला कधी कळलेला नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये याची चुणूक दिसली. बांगलादेशाच्या फेनी भागात मोठा पूर आला आणि भारताने त्रिपुरातल्या गुमती नदीवरच्या डंबूर धरणाचे दरवाजे मुद्दाम उघडले, अशी हाकाटी उठली. परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला की डंबूर हे जेमतेम ३० मीटर उंचीचे धरण आहे, सीमेपासून १२० किलोमीटरहून अधिक वर आहे आणि पुराचे पाणी मुख्यतः त्याच्या खालच्या पाणलोटातले आहे. त्याच खुलाशात असेही होते की २१ ऑगस्टच्या दुपारी तीनपर्यंत वाढत्या पातळीची माहिती बांगलादेशाला दिली जात होती, पण संध्याकाळी सहाला वीज गेल्याने संपर्कात अडचण आली. तांत्रिकदृष्ट्या भारताचे म्हणणे पटण्यासारखे होते, तरी ते पटले नाही. शेख हसीना यांचे सरकार नुकतेच कोसळले होते, वातावरण तापलेले होते, आणि पाण्याची माहिती दोन सरकारांच्या अधिकाऱ्यांमध्येच फिरत असल्याने सामान्य माणसाकडे ती पडताळून पाहण्याचा मार्ग नव्हता. सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला हे परके वाटू नये. २०१९ च्या महापुरानंतर वडनेरे समितीने अलमट्टीला दोष दिला नाही, तरी अलमट्टीबद्दलचा राग गेला नाही. फरक एवढाच की कोयना, वारणा, अलमट्टी यांचे साठे आणि विसर्ग पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात छापून येतात, त्यामुळे निदान भांडण आकड्यांवर करता येते.

वरच्या धरणांचा हिशेब वाटपात धरायचा, ही कल्पना अव्यवहार्य आहे असा आक्षेप घेतला जाईल. महाराष्ट्राने ती स्वतःच्या हद्दीत अमलात आणून दाखवली आहे. गोदावरी खोऱ्यात १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा नियम जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे २०१४ मध्ये घालून दिला. त्यावरून दर टंचाईच्या वर्षी आंदोलने होतात, न्यायालयात अर्ज जातात, वहनव्यय, म्हणजे वाटेत मुरणारे आणि उडून जाणारे पाणी, किती धरायचा यावर वाद रंगतात. पण वाद कशावर, तर वर किती पाणी साठले आहे या सर्वांसमोर असलेल्या आकड्यावर. मराठवाड्याला न्याय मिळाला असे मी म्हणणार नाही. वरच्या साठ्यांची मोजदाद वाटपाच्या सूत्रात बसवता येते, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले. एका राज्याच्या हद्दीत एक प्राधिकरण आदेश देऊ शकते, दोन सार्वभौम देशांत तसे कोणी नाही, हे खरे. म्हणून करारात आदेशाची अपेक्षा नाही. हरिद्वार, नरोरा, कानपूर, वाराणसी आणि कोसी-गंडकच्या संगमांखालच्या ठिकाणांचा दहा-दहा दिवसांचा प्रवाह दोन्ही देशांना आणि जनतेला एकाच वेळी दिसावा, एवढी मागणी पुरेशी आहे.

नोंदी गोपनीय ठेवण्यामागचा राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा गंभीर आहे, तो उडवून लावण्यासारखा नाही. पण त्याचा दुसरा अंगही पाहिला पाहिजे. ब्रह्मपुत्रेवर भारत खालच्या बाजूला आहे. २०१७ मध्ये डोकलामच्या तणावाच्या वर्षी चीनने पावसाळ्यातली पाण्याची आकडेवारी दिली नाही, तेव्हा आपण रास्तपणे नाराजी व्यक्त केली. ब्रह्मपुत्रेच्या आकडेवारीबद्दलचा चीनशी असलेला समझोता २०२३ मध्ये मुदत संपून पडला. तिबेटात यारलुंग त्सांगपोच्या वळणावर ६०,००० मेगावॅट क्षमतेचा जो प्रचंड जलविद्युत प्रकल्प चीनने जुलै २०२५ मध्ये सुरू केला, त्याच्या बाबतीत भारताची मागणी पारदर्शकतेची आणि सल्लामसलतीची आहे, म्हणजे जी मागणी ढाका दिल्लीकडे करतो तीच. १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा करारनामा मताला आला तेव्हा चीनने विरोधात मत दिले, भारत तटस्थ राहिला आणि बांगलादेशाने बाजूने मत दिले. २०२५ च्या जूनमध्ये बांगलादेशाने सीमापार पाण्याविषयीच्या १९९२ च्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यातही प्रवेश केला, आणि असे करणारा तो दक्षिण आशियातला पहिला देश ठरला. बीजिंगकडे मागायचे आणि ढाक्याला नाकारायचे, ही भूमिका कोणत्याही आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर फार काळ टिकवता येणार नाही. सिंधू कराराची गोष्ट वेगळी आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी तो स्थगित करण्यामागे दहशतवादाचा संदर्भ होता आणि बांगलादेशाशी त्याची सांगड घालणे चूक आहे. तरीही त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तावी नदीच्या पुराची सूचना भारताने माणुसकीच्या भावनेतून राजनैतिक मार्गाने पाकिस्तानला दिली, याची नोंद घ्यावी. करार थांबला तरी नदी वाहत असते, आणि माहिती द्यावीच लागते.

भारताचा स्वतःचा तोटा किती आहे याचे एक उदाहरण पुरे. मार्च २०१६ मध्ये फराक्क्याच्या कालव्याची पातळी इतकी खाली गेली की त्यातून पाणी घेणाऱ्या राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाच्या २,१०० मेगावॅटच्या केंद्रातले संच बंद करावे लागले. ११ ते २० मार्च हा टप्पा तक्त्यानुसार बांगलादेशाच्या ३५,००० च्या पाळीचा. नदीतच कमी पाणी असेल तर हमीचे पाणी दिल्यावर भारताच्या वाट्याला काय उरते, हे तेव्हा कळले. वरच्या टप्प्यातली घट महिनाभर आधी दिसली असती तर केंद्राने कोळशाचे आणि विजेचे नियोजन वेगळे केले असते. तक्त्यातली सरासरी १९८८ ला थांबलेली असल्यामुळे भारतालाही आपल्या वाट्याचा अंदाज बांधता येत नाही, हे कोलकात्यातल्या आक्रमक बाजूने लक्षात घ्यायला हवे.

नव्या करारात म्हणूनच तीन गोष्टींचा आग्रह धरावा असे मला वाटते. सरासरीसाठी अलीकडच्या तीस वर्षांच्या नोंदी घ्याव्यात आणि दर पाच वर्षांनी त्या पुढे सरकवाव्यात. प्रवाह ५०,००० च्या खाली गेला तर सल्लामसलतीबरोबर १९७७ सारखी टक्क्यांत मोजलेली हमी असावी, पण ती दोन्ही देशांना समान लागू व्हावी, म्हणजे तुटीचा भार एकावरच पडणार नाही. आणि वरच्या ठिकाणांच्या नोंदी उघड असाव्यात. यातली शेवटची मिळाली तर पहिल्या दोन पुढेमागे मिळवता येतील. ती न मिळता ३५,००० चे ३८,००० झाले तरी पुढच्या एखाद्या कोरड्या एप्रिलमध्ये दोन्ही राजधान्यांत तेच आरोप पुन्हा ऐकू येतील. मुदतही पुन्हा तीस वर्षांची नसावी. हिमनद्या ज्या वेगाने आटत आहेत आणि मैदानातला उपसा ज्या वेगाने वाढतो आहे, त्या हिशेबाने पंधरा वर्षांचा करार पुरेसा लांब आहे.

अडचण देशांतर्गत राजकारणाची आहे. घटनेच्या अनुच्छेद २५३ नुसार आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे, पण पाणी हा राज्यांचा विषय असल्याने तो अधिकार कागदावरच राहतो. सप्टेंबर २०११ मध्ये तिस्तेच्या पाण्याचा मसुदा तयार होता, भारताला ४२.५ आणि बांगलादेशाला ३७.५ टक्के असे त्यातले वाटप होते, आणि मनमोहन सिंग ढाक्याला निघत असताना ममता बॅनर्जी यांनी दौऱ्यातून माघार घेतली. तो मसुदा तिथेच पडून राहिला. त्या वेळी दिल्लीने पश्चिम बंगालला शेवटच्या टप्प्यात विचारात घेतले अशी तक्रार होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. गंगेच्या बाबतीत विचारात घ्यायचे राज्य पश्चिम बंगाल एकटेच नाही. हुगळीला पाणी हवे म्हणून बंगाल, गाळ आणि पूर म्हणून बिहार, कालवे आणि कूपनलिका म्हणून उत्तर प्रदेश, या तिघांना ढाक्याशी बोलणी करण्याआधी एकत्र बसवून प्रत्येकाचा उन्हाळी वापर लिहून घेणे हे दिल्लीचे काम आहे. आजवरच्या कोणत्याही केंद्र सरकारने गंगेच्या या तीन राज्यांसाठी तसा उन्हाळी वाटपाचा करार केलेला नाही, तर आंतरराष्ट्रीय करार मात्र त्यांच्याच पाण्यावर झाला आहे. ती बैठक व्हायची तर करार संपण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात व्हायला हवी, कारण एप्रिलचा प्रवाह सप्टेंबरात मोजता येत नाही.